विद्यार्थ्याच्या आज्ञावलीचे दप्तर

(कळसाडी, जि. नंदुरबार येथे शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



गावच्या जमिनीचा व्यवहार ज्या कागदांवर उभा असतो, त्यांत फेरफाराच्या नोंदवहीचे स्थान मोठे आहे. सातबारावर आज कोणाचे नाव आहे एवढेच कळते. ते नाव केव्हा व कशामुळे लागले, हे पाहण्यासाठी गाव नमुना 6 उघडावा लागतो. तेथे जुनी नोंद खोडून नवी लिहीत नाहीत. नवी नोंद पुढचा क्रमांक घेऊन येते, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकत आल्यास ती ऐकली जाते आणि नोंद प्रमाणित झाल्यावरच सातबारा बदलतो. संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणारे लोक आपले लेखन ज्या भांडारात ठेवतात, ज्याला ते रिपॉझिटरी म्हणतात, त्याची रचना पुष्कळशी अशीच असते.

समजा, कळसाडीतील एखाद्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने पहिलीच्या वर्गासाठी एक लहानशी आज्ञावली तयार केली. मोबाइलवर चित्र दिसावे, त्याखाली भिलीतील शब्द यावा आणि शेजारी मराठी शब्द यावा, एवढेच तिचे काम. ज्या जिल्ह्यात अनेक मुले घरी भिली, पावरी किंवा मावची बोलतात आणि पाठ्यपुस्तकाची मराठी त्यांना शाळेतच प्रथम भेटते, तेथे तिचा उपयोग काय, हे शिक्षकांना सांगावयास नको. पुढे तो विद्यार्थी नोकरीसाठी पुण्यास किंवा सुरतेस जातो आणि त्याचा जुना संगणक नादुरुस्त होतो. शाळेतील मोबाइलवर आज्ञावलीची प्रत उरते खरी, परंतु तीत एखादा शब्द चुकलेला आढळला तर तो सुधारता येत नाही, कारण ज्या मूळ लेखनातून ती प्रत तयार झाली, तेच हाताशी नसते. दोन वर्षांचे काम असे निकामी होते, आणि यात कोणाचाच दोष दाखविता येत नाही. विद्यार्थी गावात असतानाच भांडार उभारावयास हवे ते याकरिता.

विद्यार्थ्याचे काम म्हणून ते क्षुल्लक मानण्याचे कारण नाही. 1991 साली हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचे मूळ लेखन जगापुढे ठेवले. 1992 साली त्यास मुक्त परवाना लाभला आणि देशोदेशीचे लोक त्यात भर घालू लागले. पुढे या कामाची नोंद ठेवण्यासाठी एका खाजगी कंपनीचे साधन वापरले जात असे. 2005 साली कंपनीने त्याची विनामूल्य सवलत काढून घेतली, तेव्हा टोरवाल्ड्स यांनी स्वतःच ‘गिट’ हे साधन रचले. आज बहुतेक भांडारे गिटवरच चालतात.

गिटची फेरफार नोंदवहीशी तुलना एका ठिकाणी मात्र थांबते. नोंदवही दप्तरात एकच असते, तर गिटमध्ये जो भांडाराची प्रत घेतो त्याच्याकडे सामान्यतः पहिल्या नोंदीपासूनचा सगळा इतिहास येतो. शिवाय नोंद करण्यासाठी इंटरनेट लागत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी रेंज येते-जाते, हा अनुभव सर्वांचाच आहे. नोंदी घरी कराव्यात आणि रेंज मिळेल तेव्हा पाठवाव्यात. संपूर्ण भांडार पेन ड्राइव्हवर नेले तरी चालते.

ही सोय किती मोलाची आहे, ते ‘लोहित’ या अक्षरकुलाच्या उदाहरणावरून कळेल. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने मूळ घडविलेली ही अक्षरे रेड हॅट कंपनीने 2004 साली मुक्त परवान्याखाली खुली केली आणि देवनागरीसह अनेक भारतीय लिप्यांत ती संगणकांवर पोहोचली. त्यांचे भांडार फेडोरा होस्टेड या संकेतस्थळी होते. 2017 साली ते संकेतस्थळच बंद झाले. गूगल कोड ही गूगलची अशीच सेवा 2006 साली सुरू होऊन 2016 साली बंद झाली होती. भांडार ठेवण्याची जागा अशी केव्हाही जाऊ शकते. म्हणून गिटहब किंवा गिटलॅबसारख्या ठिकाणी भांडार उघडले तरी त्याची एक पूर्ण प्रत शाळेच्या संगणकावर असावी आणि ती दर महिन्यास अद्ययावत करावी.

परवान्याचा प्रश्न पुष्कळदा राहून जातो. लेखन सर्वांना दिसते म्हणून ते मुक्त होत नाही. 1957 च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे हक्क कर्त्याकडे असतो आणि त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. परवान्याचा कागद भांडारात नसेल, तर शेजारच्या शाळेस आज्ञावलीत दुरुस्ती करून ती वाटण्याचा अधिकार मिळत नाही. हा परवाना विद्यार्थ्यानेच द्यावयाचा असतो. मुख्याध्यापकांनी परस्पर देऊ नये. विद्यार्थी अज्ञान असल्यास पालकांची लेखी संमती घ्यावी.

भांडारे एक नव्हे तर दोन करणे बरे. आज्ञावली एकात ठेवावी व शब्दसंग्रह दुसऱ्यात. आज्ञावली सुधारणारा मुंबईतही बसलेला असू शकेल, परंतु भिलीतील शब्द बरोबर की चूक, हे ती भाषा बोलणाऱ्यानेच ठरवावयाचे. शब्दसंग्रहात आलेली प्रत्येक सूचना अशा माणसाने पाहिल्यावाचून प्रमाणित होऊ नये. परिचयपत्र मराठीत असावे. इंग्रजी पुढे जोडता येईल.

एक धोका मात्र ध्यानात ठेवावा. जुनी नोंद टिकते हे गिटचे बळ आहे, तशीच ती अडचणही आहे. शब्द सांगणाऱ्या वृद्धांची नावे, मुलांची छायाचित्रे, मोबाइल क्रमांक किंवा पासवर्ड एकदा नोंदले गेले की, ते नंतर काढून टाकले तरी मागील इतिहासात आढळतात. तो इतिहास पुसण्याचा उपाय आहे, पण तोवर ज्यांनी प्रती घेतल्या असतील त्यांच्याकडे तो पोहोचत नाही. आणि भांडार सर्वांसाठी खुले असल्याने या गोष्टी कोणासही दिसतात. त्या पहिल्यापासूनच बाहेर ठेवाव्यात.

खाते कोणाच्या नावे असावे? एकट्या विद्यार्थ्याच्या नावे नको आणि एकट्या शिक्षकाच्याही नको, कारण एक गाव सोडतो व दुसऱ्याची बदली होते. प्रकल्पाच्या नावे गट-खाते काढून त्यात किमान दोघांना पूर्ण अधिकार द्यावेत. विद्यार्थी कोठेही गेला तरी त्याचे नाव पहिल्या नोंदीपासून तेथे राहतेच. बदलीच्या वेळी कपाटाच्या किल्ल्या, जडवस्तू संग्रह नोंदवही व शिल्लक रक्कम यांचा कार्यभार यादीप्रमाणे दिला जातो. त्याच यादीत भांडाराचा पत्ता, अधिकार असलेल्या दोघांची नावे आणि शाळेच्या संगणकावरील प्रतीची तारीख, एवढ्या तीन ओळी वाढवाव्या लागतील.