प्रेतसेनेचा सेनापती



वसंत व्याख्यानमालेत बोलणाऱ्या माणसाकडून श्रोत्यांच्या काही ठरलेल्या अपेक्षा असतात. कोणी ज्ञानेश्वरीवर बोलावे, कोणी पंचवार्षिक योजनांच्या इतिहासावर, कोणी प्रकृतीच्या पथ्यावर. मी आज ज्या विषयावर बोलणार आहे तो ऐकून चिटणीसांनी प्रथम माझ्याकडे चिंतेने पाहिले. भुतांच्या फौजेवर तासभर बोलणारा वक्ता वसईकरांना या मंडपात आजवर क्वचितच भेटला असेल. परंतु विषय मी शोधलेला नाही. तो माझ्या घरात माझ्या नातवाच्या रूपाने चालत आला.

उन्हाळ्याच्या सुटीत तो आमच्याकडे आला होता. एके दिवशी आम्ही दोघे विरारहून दुपारच्या गाडीने चाललो होतो. विरारच्या गाडीत जिवंत माणसाला दोन्ही पाय टेकण्यापुरती जागा मिळाली तरी तो दिवस शुभ मानावा. त्या गर्दीत हा मुलगा खिडकीशी अंग चोरून मोबाईलवर खेळ खेळत होता. मी डोकावलो. पडद्यावर हाडांचे सापळे ओळीने उभे होते. मी म्हटले, "अरे, हे काय?" तो मान वर न करता म्हणाला, "आजोबा, ही माझी फौज आहे. सगळे मेलेले आहेत. म्हणून तर बरे आहे."

"म्हणून तर बरे आहे," हे तीन-चार शब्द माझ्या डोक्यातून गेले नाहीत. मेलेल्यांची फौज बरी का? या एका प्रश्नाचा विचार आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रथम हा खेळ काय आहे ते सांगतो, कारण येथे बसलेल्या वडीलधाऱ्या मंडळींपैकी बहुतेकांनी तो पाहिला नसेल. कॉम्प्युटरवरचे सगळेच खेळ धावपळीचे आणि गोळीबाराचे नसतात. काही अगदी बुद्धिबळासारखे असतात. एक चाल तुमची, एक प्रतिपक्षाची. विचार करावयास हवा तितका वेळ. फरक इतकाच की प्रत्येक मोहऱ्याला स्वतःचे बळ, स्वतःचे कसब आणि लढाया करून येणारा अनुभव असतो. अशा खेळांत मृतांची सेना चालविण्याचा एक स्वतंत्र प्रकार आहे. 1999 साली निघालेल्या 'हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक'च्या तिसऱ्या भागात 'नेक्रोपोलिस' म्हणजे मृतांची नगरी आहे. तेथील सेनापती लढाई जिंकला की रणांगणावर पडलेल्यांतून काही सापळे उठतात आणि त्याच्या सैन्यात सामील होतात. 2020 साली 'इरेटस' नावाचा खेळ पूर्ण होऊन बाजारात आला. त्यात तर खेळणारा स्वतःच मांत्रिक असतो. मारलेल्या शत्रूंची हाडे, कवट्या गोळा करावयाच्या, त्यांतून नवे सैनिक घडवावयाचे आणि चार-चारांच्या तुकड्या करून तळघरातून वर वर लढत जावयाचे.

बुद्धिबळात मेलेले मोहरे पेटीत जाते. जपानात 'शोगी' म्हणून बुद्धिबळाचा भाऊबंद आहे. त्यात मारलेले मोहरे मारणाऱ्याच्या मालकीचे होते आणि पुढे त्याच्याच बाजूने पटावर उतरते. प्रेतसेनेचा खेळ याच्याही पुढे जातो. येथे मरण हीच भरती आहे. युद्ध जितके लांबेल तितके सैन्य वाढत जाते. जगातल्या प्रत्येक खऱ्या सेनापतीला जी एक गोष्ट झोपू देत नाही, ती या सेनापतीच्या पथ्यावर पडते.

आणखी एक नियम मला माझ्या नातवाने समजावून सांगितला, आणि तो मला फार मार्मिक वाटला. 'हिरोज'मध्ये प्रत्येक तुकडीला मनोधैर्य असते. उत्साह असला तर तुकडी एखादी चाल जास्तीची करते, खचली तर आपली पाळी गमावते. मृतांच्या तुकड्यांना मात्र मनोधैर्य नसतेच. ते वाढत नाही आणि घटतही नाही. आणि गंमत अशी की जिवंतांच्या फौजेत मृतांची एक जरी तुकडी आणून उभी केली, तर जिवंतांचे मनोधैर्य उतरते! खेळ रचणाऱ्याने हा नियम कदाचित केवळ समतोलासाठी घातला असेल. पण ज्यांनी कोठे नोकरी केली आहे त्यांना यात खोल अनुभव सापडेल. दहा जिवंत माणसांच्या कचेरीत एक मन मेलेला माणूस आणून बसवा आणि महिन्याभराने काय होते ते पाहा.

आता नातवाच्या उत्तराकडे येऊ. मेलेल्यांची फौज बरी का? तिला भाकरी लागत नाही, पगार लागत नाही, रजा लागत नाही. ती घाबरत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ती प्रश्न विचारीत नाही. सज्जनहो, येथे मला स्वतःविषयी थोडे सांगणे भाग आहे. मी एके काळी एका कारखान्यात रात्रपाळीचा प्रमुख होतो. माझ्या हाताखाली चाळीस माणसे होती. पाळी सुरू होताना मी हजेरीपट पाही आणि आकडा लिही. एका रात्री एक कामगार म्हणाला, "साहेब, घरी मुलगी तापाने फणफणली आहे." मी म्हणालो, "आज माणूस कमी आहे." तो काही न बोलता यंत्रापाशी जाऊन उभा राहिला. त्या रात्री माल पूर्ण निघाला आणि मला त्याचे समाधानही वाटले. मुलगी पुढे बरी झाली, ही देवाची कृपा. पण नातवाचे ते वाक्य ऐकले तेव्हा मला त्या माणसाची पाठ आठवली. मलाही त्या रात्री न विचारणारी, न थकणारी फौजच हवी होती. मांत्रिक होण्यासाठी स्मशानात जावे लागत नाही.

पाश्चात्त्य भाषांत या मांत्रिकाला 'नेक्रोमॅन्सर' म्हणतात. शब्द मूळ ग्रीक आहे, आणि त्याचा मूळ अर्थ मृतांना राबविणारा असा नाही. मृतांना विचारून भविष्य जाणणारा, असा आहे. होमरच्या 'ओडिसी'च्या अकराव्या सर्गात ओडिसियस मृतांच्या प्रदेशाच्या काठी जातो, खड्डा खणतो, मेंढ्यांचे रक्त त्यात सोडतो. ते रक्त प्यायल्यावर छायांना वाचा फुटते. टायरेसियस नावाच्या आंधळ्या द्रष्ट्याला तो घरच्या वाटेविषयी विचारतो. तेथेच त्याला अकिलीस भेटतो. हा ग्रीकांचा सर्वश्रेष्ठ वीर. ओडिसियस त्याला म्हणतो की तू येथेही मृतांमध्ये राजासारखा आहेस, दुःख करू नकोस. त्यावर अकिलीस सांगतो की साऱ्या मृतांवर राज्य करण्यापेक्षा पृथ्वीवर एखाद्या गरीब माणसाच्या शेतावर मजुरी करणे मी पत्करीन. प्रेतसेनेचे सेनापतिपद जगातल्या एका थोर योद्ध्याला देऊ केले गेले आणि त्याने ते नाकारले, असे आपण म्हणू शकतो.

आपल्याकडे याच प्रश्नाला एक वेगळेच वळण मिळाले, आणि ते वळण महाराष्ट्राच्या भूमीवर मिळाले याचा मला अभिमान वाटतो. विक्रम आणि वेताळाच्या गोष्टी आपण सर्वांनी लहानपणी ऐकल्या आहेत. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागरा'त त्या सांगितल्या, तेव्हा त्याने राजाला उज्जयिनीत बसविले नाही. त्याचा राजा त्रिविक्रमसेन गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा आहे. क्षांतिशील नावाचा एक भिक्षू रोज राजाला एक फळ आणून देतो. प्रत्येक फळात एक रत्न असते. राजा प्रसन्न होतो तेव्हा भिक्षू मागणे मागतो: रात्री स्मशानात ये आणि शिंशपा वृक्षावर लटकणारे प्रेत मला आणून दे. त्या प्रेतात वेताळ शिरलेला आहे. भिक्षूला राजाचाच बळी देऊन वेताळ वश करावयाचा आहे आणि सत्ता मिळवावयाची आहे. म्हणजे क्षांतिशील हा आपल्या खेळातला मांत्रिकच झाला.

पण हे प्रेत मुकाट्याने खांद्यावर बसत नाही. ते गोष्ट सांगते आणि शेवटी प्रश्न विचारते. या तिघांत खरा अपराधी कोण? या चौघांत अधिक उदार कोण? आणि अट अशी की उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर तुझे मस्तक फुटेल. राजा उत्तर देतो, वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लटकतो, राजा पुन्हा जातो. असे रात्रभर चालते. ग्रीक कथेत जिवंत माणूस मृताला विचारतो. आपल्या कथेत मृत जिवंताला विचारतो, आणि तेही न्यायाविषयी विचारतो. जो आपल्याला वाहून नेत आहे, ज्याच्या हाती आपण जाणार आहोत, त्याला बरेवाईट कळते की नाही, याची ती परीक्षा आहे. राजा या परीक्षेत उतरतो म्हणून वेताळ त्याला भिक्षूच्या कपटाची सूचना देतो. भिक्षू मरतो, राजा वाचतो. प्रसन्न झालेला वेताळ वर माग म्हणतो तेव्हा राजा फौज मागत नाही. या साऱ्या गोष्टी जगात प्रसिद्ध व्हाव्यात, एवढेच तो मागतो.

पंडितांच्या ग्रंथातून खाली उतरून आपण कोकणात आलो की वेताळ आणखी निराळा दिसतो. अमावास्येच्या रात्री भुतांचा लवाजमा घेऊन, मशाली पेटवून वेताळाची पालखी निघते, अशी समजूत आपल्या आज्यांनी आपल्याला सांगितली आहे. तो भुतांचा सेनापती खरा. पण त्याला आपल्या लोकांनी काम कोणते दिले? गावाची राखण. पुण्यात एका टेकडीला त्याचे नाव आहे. गोव्यात साष्टी तालुक्यातले बेताळभाटी हे गावच त्याच्या नावावर आहे. आणि वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीच्या वेतोबाला भाविक केळीचे घड आणि चामड्याच्या मोठमोठ्या वहाणा वाहतात. का? तर देव रात्री गावातून फिरतो, फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात. ही कल्पना मला फार मोठी वाटते. हाताखाली भुतांची एवढी फौज असताना हा सेनापती स्वतः पायी हिंडतो. झिजते ती त्याची वहाण.

श्रोतेहो, आपण वसईत बसलो आहोत. सेनापती आणि सैन्य यांविषयी बोलून किल्ल्याचे नाव न घेणे बरे दिसणार नाही. 1534 पासून दोनशे वर्षे पोर्तुगीजांकडे असलेला हा कोट 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी घेतला. या विजयाचा डिंडिम आपण पुष्कळ वाजवितो, पण हिशेबाची दुसरी बाजू क्वचित वाचतो. मराठ्यांकडील मेलेले आणि जखमी मिळून पाच हजारांवर गेले, असे ग्रँट डफने नमूद केले आहे. त्या वर्षाच्या आरंभी तारापूरच्या वेढ्यात बाजी भिवराव रेठरेकर हा मोहरा पडला. त्याच्या आईला पेशव्यांच्या घरातून दुखवट्याचे पत्र गेले. सुरुंग लावणारी, खंदकाशी जाऊन मरणारी ती माणसे जिवंत होती. त्यांना भीती होती, भूक होती, घरी आई होती. खचलेली तुकडी पुन्हा तटाकडे न्यावयाची तर सेनापतीला तिच्यापुढे काही कारण ठेवावे लागे. आणि कोट पडल्यावर आतल्या शिबंदीला हत्यारांसह बाहेर पडण्याची मोकळीक देण्यात आली. शत्रूचीही माणसे मोजली गेली ती अशी. जेथे मेलेला सैनिक फुकट परत मिळत नाही, तेथेच तह करण्याची बुद्धी होते.

तर मग हे खेळ मुलांच्या हातून काढून घ्यावेत काय? मुळीच नाही. मी घरी गेल्यावर नातवाला वेताळाची गोष्ट सांगितली. तो ऐकून घेऊन म्हणाला, "आजोबा, काल माझा एक सापळा मेला. पहिल्या लढाईपासून माझ्याबरोबर होता. या खेळात मेलेला परत येत नाही. मला रात्री झोपच आली नाही." मी म्हणालो, "अरे, पण तो तर आधीच मेलेला होता ना? म्हणून तर बरे होते ना?" तो गप्प राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "मी घाईत त्याला पुढे पाठवला. जरुरी नव्हती."

सज्जनहो, वेताळाचा प्रश्न त्याला कोणीही न विचारता पडला होता. खेळ रचणाऱ्यांनी प्रेतांची फौज दिली, पण तिच्यातल्या एका हाडाच्या सापळ्याने त्या दहा-बारा वर्षांच्या सेनापतीला हिशेब मागितला. आपली मुले असे खेळ खेळत असतील तर त्यांच्याशेजारी बसा आणि विचारा, "बाळ, आज तुझे किती गेले? कोण गेले? जरुरी होती का?" आणि ज्यांच्या हाताखाली चार माणसे काम करतात अशा आपण मोठ्या माणसांनी हाच प्रश्न रोज संध्याकाळी हजेरीपट मिटताना स्वतःला विचारावा. मला तो विचारावयास उशीर झाला. त्या कामगाराला पुढे मी कधी भेटलो नाही, मुलीची चौकशीही त्याच्याकडे केली नाही, ती दुसऱ्याकडून कळली. उत्तर ठाऊक असून गप्प बसणाऱ्याचे मस्तक फुटते असे वेताळ म्हणतो. प्रत्यक्षात तसे होत नाही, मस्तक शाबूत राहते आणि गोष्ट आत राहते. ती आज येथे आपल्यासमोर सांगितली.