पोटाचा हिशेब
(ज्येष्ठ नागरिक कट्ट्याच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)

गेली पंचवीस वर्षं एकाच टाकीचं पाणी पिणारे माझे सर्व शेजारी,

सेक्रेटरींनी मला विषय दिला होता ‘ज्येष्ठांची गुंतवणूक’. बँकेतला माणूस म्हटल्यावर दुसरं काय देणार! पण मी विषय बदलून मागितला. कारण मागच्या महिन्यात आपल्यापैकी दोघांनी, वेगवेगळ्या दिवशी, लिफ्टमध्ये इकडेतिकडे बघत मला एकच प्रश्न विचारला, “काका, तुमचं ते पोटाचं कसं काय बरं झालं हो?” गुडघेदुखी आपण चारचौघांत सांगतो. शुगर किती आली तेही बाकावर बसून मोठ्यानं सांगतो. पोटाचं मात्र कुजबुजत. म्हटलं, आज माइकवरूनच सांगू.

आधी खुलासा करतो. मी डॉक्टर नाही. हे एका जुन्या खातेदाराचं निवेदन समजा. आणि ‘बरं झालं’ हेही तितकंसं खरं नाही. या दुखण्याशी जमवून घेता येतं, एवढंच.

दुखण्याचं नाव इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आय.बी.एस. पोटात कळ येते आणि तिचा संबंध शौचाशी असतो. कुणाला जुलाब, कुणाला बद्धकोष्ठ, कुणाला आलटून पालटून दोन्ही. वर गॅस आणि पोटफुगी. तपासण्या केल्या तर आतड्यात जखम नाही, गाठ नाही, काही सापडत नाही. म्हणून घरचे म्हणतात, “मनाचे खेळ आहेत.” तसं नाही. आतड्याची हालचाल, तिथल्या नसांची संवेदना आणि मेंदू यांचा आपसातला ताळमेळ बिघडलेला असतो. दुखतं ते खरंच दुखतं.

मला हे चाळिशीत लागलं. तेव्हा आम्ही डोंबिवलीला राहायचो आणि माझी शाखा फोर्टात. सकाळी पोटात नुसता चहा ढकलून फास्ट लोकल पकडायची. ठाणं गेलं की पोटात कळ. कुठल्या स्टेशनात कुठल्या प्लॅटफॉर्मवर स्वच्छतागृह आहे, हे मला पाठ होतं. ऑडिटचे पंधरा दिवस तर विचारू नका. अशी वीस-पंचवीस वर्षं काढली आणि त्यानंतर एकेक करून तीन आहार करून पाहिले.

पण आहाराकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट सांगतो. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, ही विसरू नका. आपण सगळे साठी-सत्तरीतले. पोटाची सवय पन्नाशीनंतर पहिल्यांदाच बदलली असेल, तर स्वतःच स्वतःला ‘आय.बी.एस. असेल’ असं सांगू नका. शौचातून रक्त जाणं, वजन आपोआप उतरणं, रक्त कमी होणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणं, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर, मग पथ्य. ‘दुर्बीण घालतात’ म्हणून लाजू नका.

आता पहिला आहार. याला मी साधा सल्ला म्हणतो. ब्रिटनमध्ये ‘नाइस’ नावाची सरकारी संस्था आहे. तिनं २००८ साली आय.बी.एस.साठी सूचना काढल्या. त्या वाचल्यावर मला आईच आठवली. जेवण वेळेवर, सावकाश चावून. जेवण चुकवायचं नाही. पाणी भरपूर. चहा-कॉफी दिवसाला तीन कपांपुरती. फसफसणारी पेयं आणि दारू कमी. फळं दिवसातून तीन वेळा, तीही बेताची. कोंडा कमी. शुगर-फ्री गोळ्यांत सॉर्बिटॉल असतं, ते टाळायचं.

मी तेव्हा सहा-सात कप चहा पीत होतो. तो तीनवर आणला, सकाळी काहीतरी खाऊन मगच बाहेर पडायला लागलो. खर्च शून्य आणि निम्म्याच्या जरा कमी त्रास गेला. इथे एक चूक मात्र केली. ‘फायबर चांगलं’ असं वाचून पोळीच्या कणकेत कोंडा घालायला लावला. पोट ढोलासारखं झालं. नंतर कळलं की गव्हाचा कोंडा या दुखण्यात बऱ्याच जणांना बाधतो, इसबगोल मात्र सोसतं आणि उपयोगीही पडतं. भरपूर पाण्याबरोबर, थोड्यापासून सुरुवात करून घ्यायचं. इतर गोळ्या चालू असतील तर मध्ये किती अंतर ठेवायचं ते डॉक्टरांना विचारा.

दुसरा आहार ग्लुटेन-फ्री, म्हणजे गहू बंद. मी पोळी सोडून ज्वारीच्या आणि तांदळाच्या भाकरीवर आलो. फरक पडला. पण भाकरी-पिठलं खाल्लं की पुन्हा कळ! मला काही टॅली होईना. ज्वारीत ग्लुटेन नाही, बेसनात नाही, मग बिघडलं कुठे?

उत्तर मला नातवानं शोधून दिलं. नॉर्वेत एक प्रयोग झाला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. ‘आम्हाला ग्लुटेन सोसत नाही’ असं म्हणणाऱ्या ५९ जणांना एकेक आठवडा तीन प्रकारच्या वड्या दिल्या. एकीत ग्लुटेन, दुसरीत फ्रुक्टान नावाची साखर, तिसरीत दोन्ही नाही. कुठली कोणती ते खाणाऱ्याला माहीत नाही. जास्त त्रास निघाला तो फ्रुक्टानचा. हे फ्रुक्टान गव्हात असतं, तसंच कांद्यात आणि लसणातही असतं. माझ्या पिठल्यात कांदा-लसूण दोन्ही, आणि हरभऱ्याच्या पिठाचा गॅस वेगळा. हिशेब जुळला.

इथे एक सावधगिरी. गहू सोडण्यापूर्वी सिलिअॅक आजाराची रक्ततपासणी करून घ्या. गहू आधीच बंद केला, तर तपासणी फसवी येऊ शकते. आणि दुकानातली ग्लुटेन-फ्री बिस्किटं घेऊ नका. आपल्या घरात भाकरी आहे की!

तिसरा आहार म्हणजे लो-फॉडमॅप. हा ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या लोकांनी तयार केला. काही साखरा आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. त्या पाणी ओढून घेतात आणि पुढे मोठ्या आतड्यात जंतू त्यांचा गॅस करतात. सगळ्यांनाच थोडा होतो, पण आपलं आतडं हळवं, म्हणून आपल्याला दुखतं. अशा साखरा गहू, कांदा, लसूण, राजमा, छोले, दूध, फ्लॉवर, मशरूम, सफरचंद, आंबा, सीताफळ यांत जास्त. तांदूळ, ज्वारी, बटाटा, पालक, गाजर, काकडी, संत्रं, पपई यांत कमी.

ही यादी घेऊन मी माझी जुनी डायरी काढली. मी तीन महिने रोज काय खाल्लं आणि पोट कसं राहिलं ते लिहीत होतो. त्यातल्या सहाही एकादशांपुढे ‘ठीक’ असा शेरा होता! साबुदाणा, दाणे, बटाटा, भगर. गहू नाही, कांदा-लसूण नाही, डाळ नाही. मी त्याला पुण्य समजत होतो. आई चातुर्मासात कांदा-लसूण घरात येऊ देत नसे. आम्ही मुलं कांदेनवमीला भजी चापून खायचो आणि पुढचे चार महिने कुरकुरायचो. तिला फॉडमॅप माहीत नव्हतं, पण त्या चार महिन्यांत माझ्या पोटाची तक्रार नसायची.

आता तुम्ही विचाराल, तिघांत सरस कोणता? स्वीडनमध्ये ७५ रुग्णांवर चार आठवडे तुलना झाली, २०१५ साली ती छापून आली. साधा सल्ला आणि लो-फॉडमॅप, दोन्हींत सुमारे निम्म्या लोकांना बरं वाटलं. इंग्लंडमध्ये शेफिल्डला ९९ रुग्णांवर तिन्ही आहारांची तुलना झाली, ती २०२२ ची. शंभरातल्या ४२ जणांना साध्या सल्ल्यानं, ५५ जणांना लो-फॉडमॅपनं आणि ५८ जणांना ग्लुटेन-फ्रीनं गुण आला. हे फरक इतक्या कमी लोकांत योगायोगानंही पडू शकतात, म्हणून तिन्ही जवळपास सारखेच धरले गेले. साधा सल्ला मात्र सर्वांत स्वस्त आणि पाळायला सोपा ठरला. म्हणून सुरुवात तिथूनच करा.

आणि आता माझी खरी चूक सांगतो. लो-फॉडमॅपचे तीन टप्पे आहेत. पहिल्यात यादीतलं सगळं बंद, पण फक्त दोन ते सहा आठवडे. दुसऱ्यात एकेक पदार्थ परत आणून तपासायचा. तिसऱ्यात स्वतःपुरता कायमचा आहार ठरवायचा. मला पहिल्या टप्प्यात इतकं बरं वाटलं की मी तिथेच बसलो. चौदा महिने.

वजन ६४ वरून ५७ वर आलं. भाचीच्या लग्नात मी डबा घेऊन कोपऱ्यात जेवलो. आपल्या गणपतीच्या महाप्रसादाला आरती झाली की मी गुपचूप वर निघून जायचो. ‘बँकेतले साहेब फार भाव खातात,’ असं कुणीतरी म्हणालं, ते माझ्या कानावर आलं. घरात सौ. वर्षभर दोन-दोन भाज्या करत होती. मग एके दिवशी तिनं स्वतःसाठीही कांदा आणायचा बंद केला. बोलली काही नाही. मला ते लक्षात यायला दोन महिने लागले. कांद्याशिवाय तिचं पान हलत नाही, हे तुम्ही सगळे जाणता.

शेवटी वजनासाठी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, “अहो, हा आहार शोधण्यासाठी आहे, राहण्यासाठी नाही. फार दिवस केला तर आतड्यातले चांगले जंतूही कमी होतात.” मी ओशाळलो. बँकेत ज्या नोंदीचा पत्ता लागत नाही ती आपण सस्पेन्स खात्यात टाकतो. ती तपासून योग्य खात्यात वळवायची असते. मी अर्धं स्वयंपाकघर सस्पेन्समध्ये टाकून निर्धास्त झोपलो होतो.

मग आहारतज्ज्ञ बाईंच्या देखरेखीखाली दुसरा टप्पा केला. एका वेळी एकच पदार्थ, तीन दिवस, रोज थोडा वाढवत. मग दोन-तीन दिवस थांबायचं. बाकी जेवण तेच. दोन महिन्यांत माझा ताळेबंद असा आला:

दूध चहापुरतं चालतं, पेलाभर नाही. पातळ ताक उत्तम. दुपारी दोन पोळ्या चालतात, रात्री भाकरी किंवा भात. कच्चा कांदा नाही, भाजीत शिजलेला चमचाभर चालतो. लसूण तेलात परतून पाकळ्या काढून टाकायच्या. फ्रुक्टान पाण्यात विरघळतं, तेलात नाही, म्हणून वास राहतो आणि त्रास टळतो. मूगडाळ चालते. राजमा-छोले नाहीत. हापूसच्या दोन फोडी चालतात, आमरसाची वाटी नाही. याचं दुःख आहे.

ही यादी माझी आहे. लिहून घेऊ नका! तुमच्यापैकी एखाद्याला कांदा पचेल आणि दूध नाही. ज्यांना मधुमेह आहे किंवा ज्यांचं वजन आधीच कमी आहे, त्यांनी तर आहारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय काही बंद करू नये. क्रम मात्र सगळ्यांना सारखाच: आधी तपासणी, मग साधा सल्ला महिनाभर, नाहीच जमलं तर लो-फॉडमॅप, आणि तोही तारीख घालून. सुरू कधी केला आणि संपवणार कधी, दोन्ही तारखा कॅलेंडरवर लिहा.

आता माझं वजन ६२ आहे. पोट अधूनमधून कुरकुरतं, विशेषतः काळजी असली की. पण आमच्या घरात कांदा परत आला आहे.

रौप्यमहोत्सवाच्या जेवणात मसालेभात आणि जिलबी आहे असं कळलं. मी पंगतीत बसणार आहे. जिलबी एकच घेईन, मैद्याची आहे म्हणून. आग्रह करू नका, आणि मी उठून वर निघालोच तर मला हाक मारा. लिफ्टमध्ये विचारणाऱ्या त्या दोघांची नावं मी सांगणार नाही, पण त्यांनी माझ्याच शेजारी बसावं.