पंचनामा खोटा ठरतो तेव्हा

मी नागपूरच्या लकडगंजात राहतो. संध्याकाळी आरामशीन बंद झाली की आमची गल्ली एकदम शांत होते. हवेत सागवानाच्या भुशाचा वास तेवढा रेंगाळतो. शनिवार-रविवारी रात्री दहाला मात्र आमच्या घरातून एक ठरलेला आवाज यायचा, तो 'सीआयडी' मालिकेचा. आई चष्मा पुसून समोर बसायची. जाहिराती लागल्या की खुनी कोण ते सांगून मोकळी व्हायची, आणि बरेचदा तिचं बरोबर निघायचं. या मालिकेच्या एका भागानं तिचं मन मोडलं. त्याच भागाबद्दल आज बोलायचं आहे.

'सीआयडी' जानेवारी १९९८ मध्ये सोनी वाहिनीवर सुरू झाली. बी. पी. सिंग यांनी ती घडवली आणि एसीपी प्रद्युम्नच्या भूमिकेत आपले शिवाजी साटम उभे राहिले. या दोघांनी आधी दूरदर्शनच्या 'एक शून्य शून्य' या मराठी मालिकेत एकत्र काम केलं होतं. पोलिसांनी केलेल्या खऱ्या तपासांवर ती बेतलेली होती. म्हणजे देशभर गाजलेल्या या हिंदी मालिकेचं मूळ आपल्या मराठी मातीत आहे. नोव्हेंबर २००४ मध्ये तर कॅमेरा एकदाही न थांबवता चित्रित केलेला १११ मिनिटांचा भाग या मंडळींनी दाखवला. एक चूक झाली असती तर पहिल्यापासून सगळं करावं लागलं असतं. कामावर अशी निष्ठा होती, म्हणून ऑक्टोबर २०१८ पर्यंत पंधराशेहून अधिक भाग लोकांनी पाहिले. डिसेंबर २०२४ मध्ये दुसरं पर्व सुरू झालं, तेव्हा आईनं आपली खुर्ची पुन्हा टीव्हीसमोर ओढून घेतली.

मग एप्रिल २०२५ उजाडला. तिग्मांशु धुलिया यांनी रंगवलेल्या बारबोसा या खलनायकानं बॉम्बस्फोट घडवला आणि त्यात एसीपी प्रद्युम्न गेले, असं दाखवण्यात आलं. वाहिनीनं त्यांच्या तसबिरीसह श्रद्धांजलीही प्रसिद्ध केली. खरा माणूस गेल्यासारखे लोक हळहळले. त्या रात्री आईनं टीव्ही बंद केला आणि न जेवता झोपली. नवे एसीपी आले. आणि थोड्याच आठवड्यांत प्रद्युम्न साहेब जिवंत परतले!

आई आनंदली असेल असं मला वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "मग मी रडले ते कशासाठी?"

श्रोतेहो, या प्रश्नाचं उत्तर मला सापडलेलं नाही. तपासाची गोष्ट पंचनाम्यावर उभी असते. अचानक मृत्यू झाला की पोलीस दोन पंचांना बोलावतात. मृतदेह कुठे, कसा पडला, अंगावर कोणते कपडे, कुठे जखमा, सगळं लिहून काढतात. सापडलेली वस्तू पाकिटात घालून लाखेनं सील होते, त्यावर पंचांच्या सह्या होतात. हे एवढं काटेकोर असतं, कारण त्या कागदावर पुढे कोणाचं तरी आयुष्य ठरणार असतं. 'सीआयडी'नं वीस वर्षं आपल्याला हेच शिकवलं, की पुराव्याशिवाय बोलायचं नाही. मालिकेतले न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉक्टर साळुंखे एका केसावरून, मातीच्या कणावरून खरं काढायचे. त्याच मालिकेनं आपल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या मृत्यूचा खोटा पंचनामा आपल्यापुढे ठेवला, आणि पंच म्हणून आपल्या सह्या घेतल्या.

कथेत मेलेला माणूस परत येऊ नये, असं माझं म्हणणं नाही. येऊ दे. पण त्याची पेरणी आधी हवी. मागे वळून पाहिल्यावर "अरे, ही खूण तर आपल्या डोळ्यांसमोर होती" असं वाटायला हवं. रहस्यकथेचा खरा आनंद तोच. इथे आधी श्रद्धांजली आली आणि खुलासा नंतर जुळवला गेला. सगळं लक्ष त्या एका धक्क्याकडे होतं.

हे मला इतकं का लागावं? २०१४ च्या सप्टेंबरात आमच्या या भागातून एका शाळकरी मुलाचं अपहरण झालं आणि त्याचा खून झाला. त्यानंतर कितीतरी दिवस इथल्या आयांनी पोरांना एकटं खाली सोडलं नाही. तपास झाला, साक्षी झाल्या आणि २०१६ साली नागपूरच्या सत्र न्यायालयानं दोघांना दोषी ठरवलं. न्याय मिळाला, मूल परत आलं नाही. ज्या वस्तीनं हे पाहिलं, तिला पडद्यावरचा मृत्यूही हलका वाटत नाही.

आणि याच मालिकेनं एक खरा मृत्यूही सोसला आहे. सगळ्यांना हसवणारे फ्रेडरिक्स साकारणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्ये गेले. दुसऱ्या पर्वात त्यांची जागा रिकामी राहिली. कोणत्याही लेखकाला ती भरता येणार नाही. शेजारी अशी खरी रिकामी जागा असताना खोटी श्रद्धांजली वाहायला हात धजावायला नको होता.

मालिका लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पुढच्या वेळी पटकथेत कोणाचा मृत्यू लिहाल, तेव्हा पडद्यासमोर बसलेल्या माझ्या आईसारख्या बाईला आठवा. तिला फसवा, चकवा, खुनी शेवटपर्यंत कळू देऊ नका. ते तिला आवडतं, त्यासाठीच ती चष्मा पुसून बसते. फक्त तिचे अश्रू वाया घालवू नका.