'हरामखोर' : एका शिवीचे अर्थशास्त्र
(अभ्यासवर्गातील भाषण)



समाज कशाला पाप मानतो, हे त्याच्या शिव्यांवरून कळते. 'हरामखोर' हा शब्द या दृष्टीने तपासण्यासारखा आहे.

'हराम' हा शब्द अरबी. निषिद्ध ते हराम. आणि पवित्र म्हणून नित्य व्यवहारापासून राखून ठेवलेले, तेही त्याच धातूचे. म्हणूनच मोहरम आणि जनानखान्याचा 'हरम' हे या शब्दाचे भाऊबंद ठरतात. 'खोर' म्हणजे फारसीत खाणारा. हा प्रत्यय मराठीने इतका आपलासा केला की लाचखोर, भांडखोर हे शब्द कोणाला परके वाटत नाहीत. तेव्हा हरामखोर म्हणजे हक्काचे नसलेले खाणारा. 'हरामजादा' ही शिवी जन्मावर घसरते आणि निरपराध आईला व मुलाला डागते. 'हरामखोर' मात्र आचरणाचा हिशेब मागते.

परंतु हा हिशेब मागितला कोणाला जातो? उशिरा आलेल्या गड्याला, पगार वाढवून मागणाऱ्या मोलकरणीला, संपावर गेलेल्या कामगाराला! यामागे 'नमकहराम' या शब्दातली सरंजामी समजूत आहे. धनी पोसतो, चाकर त्याचे मीठ खातो. म्हणून चाकराने तोंड उघडले की तो हरामखोर. ज्याच्या श्रमावर घर चालते, तोच फुकट खाणारा ठरतो.

अर्थशास्त्राचा निवाडा याच्या उलट आहे. रिकार्डोने १८१७ साली खंडाची मीमांसा केली. जमीनदार काही न करता, झोपेतसुद्धा श्रीमंत होत जातो, असे जॉन स्टुअर्ट मिलने पुढे बजावले. या प्राप्तीला अर्थशास्त्र 'अनर्जित वाढ' असे सौम्य नाव देते. मुंबईचे उदाहरण घ्या. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यांपैकी बहुसंख्यांचा रोजगार कायमचा गेला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींच्या विकासाला वाट करून दिली. २००१ च्या दुरुस्तीने त्यातला सार्वजनिक वाटा आणखी आक्रसला. त्या जमिनींचे मोल मालकांच्या घामाने वाढले नव्हते. ते वाढविले शहराने, त्याच्या रस्त्यांनी, रेल्वेने आणि कामगारांच्या पिढ्यांनी.

शिवी देणे म्हणजे युक्तिवाद नव्हे, आणि जमीनमालकांना ती परत द्यावी असेही येथे सुचवायचे नाही. मात्र राबणाऱ्याला उद्देशून हा शब्द कोणी उच्चारला, तर त्याला त्याचा मूळ अर्थ सांगावा आणि शांतपणे विचारावे: कष्ट कोणाचे, आणि खातो कोण?