दयेची बाजू

सद्‌गुणांना देह देऊन रंगभूमीवर आणण्याची रीत भारतीयांस परकी नाही. कृष्णमिश्रांच्या ‘प्रबोधचंद्रोदया’त शांती आणि करुणा पात्रे म्हणून वावरतात. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धातील ‘द कॅसल ऑफ पर्सिव्हिअरन्स’ हे इंग्रजी ख्रिस्ती धर्मनाट्य त्याच जातीचे. सुमारे ३,६०० ओळींचे.

त्याचा नायक ‘मानव’ वार्धक्यात लोभाच्या आहारी जातो. मरताना त्याचे धन भलताच पोरगा घेऊन जातो आणि त्याच्या ओठी केवळ दयेची याचना उरते. त्याच्या पलंगाखाली दडलेला आत्मा तेव्हा वर येतो, आणि दुष्ट दूत त्याला नरकाकडे नेतो.

मग ईश्वराच्या चार कन्यांचा वाद जुंपतो. त्यांची वस्त्रेही हस्तलिखितात नेमून दिली आहेत: दया शुभ्र, नीती तांबडी, सत्यता गर्द हिरवी, शांती काळी. अखेरच्या श्वासाला पश्चात्ताप करणारा सुटला, तर सदाचाराचे कष्ट कोण घेईल, असा सत्यतेचा आक्षेप. नीती तिला दुजोरा देते. हा आक्षेप लेचापेचा नाही, आणि नाटककारानेही तो उडवून लावलेला नाही. दया अपराध नाकारत नाही. ख्रिस्ताचे रक्त अपराध्यांसाठीच सांडले, एवढीच तिची बाजू. शांती बहिणींचा समेट घडवते.

ईश्वर दयेच्या बाजूने कौल देतो. आत्म्याला सोडवण्यास मात्र चौघीही जातात, आणि त्या दुष्ट दूताला नरकात पिटाळण्याचे शब्द येतात ते नीतीच्याच तोंडी.