रक्ताची चिठ्ठी पाहून गाय घेताना



काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळातल्या एका शेतकऱ्याने कर्ज काढून बाजारातून संकरित गाय आणली. विकणाऱ्याने चिठ्ठी दाखवली, "रक्त तपासलंय, काही दोष नाही." गाय व्याली आणि तिला पातळ हगवण लागली. वैरण नेहमीसारखी खायची, पण बरगड्या मोजता येऊ लागल्या. जंताचे औषध झाले, हगवणीच्या गोळ्या झाल्या. चार दिवस बरे की पुन्हा तेच. शेवटी निघाला जोन्स रोग. चिठ्ठी खोटी नव्हती बरं का! ती सांसर्गिक गर्भपाताच्या तपासणीची होती. कोणत्या रोगासाठी रक्त तपासले, हे कोणी विचारलेच नव्हते.

मी शेतीचा पदवीधर, जनावरांचा डॉक्टर नव्हे. म्हणून पशुधन अधिकाऱ्यांना विचारून हे सांगतो आहे.

जनावरांचा क्षय आणि जोन्स हे एकाच कुळातल्या जंतूंचे रोग. दोन्ही वर्षानुवर्षे अंगात दबून राहतात. जोन्सचा जंतू बहुधा वासरपणीच शेणाने माखलेल्या सडातून, चिकातून किंवा दुधातून पोटात जातो, आणि हगवण दिसते ती दोन ते पाच वर्षांनी. तोवर गाय शेणावाटे रोग पसरवू लागलेली असते.

जोन्ससाठी रक्तातील प्रतिद्रव्ये तपासतात. या तपासणीला एलायझा म्हणतात. पण प्रतिद्रव्ये उशिरा तयार होतात. त्यामुळे वासराचे किंवा लहान कालवडीचे रक्त निर्दोष आले तरी खात्री नाही. मोठ्या गाईचे रक्त पुन्हा तपासावे लागते, सोबत शेणही तपासून घ्यावे.

क्षयाची गोष्ट वेगळी. त्यात जंतूशी पहिली झुंज पांढऱ्या पेशी देतात, प्रतिद्रव्ये मागाहून येतात. म्हणून मुख्य तपासणी कातडीची. मानेच्या कातडीत ट्युबरक्युलिन टोचतात आणि ७२ तासांनी कातडी किती जाड झाली ते मोजतात. तिसऱ्या दिवशी गाय चरायला सोडून दिली तर सारी मेहनत वाया! जोन्सची गायही कधी कधी या टोचणीला सुजते, म्हणून शंका असेल तिथे पक्ष्यांच्या क्षयजंतूचे ट्युबरक्युलिनही शेजारी टोचून दोन्ही सुजा ताडून पाहतात.

क्षयासाठी रक्ताचीही एक तपासणी आहे, गॅमा इंटरफेरॉनची. रक्तात ट्युबरक्युलिन मिसळून पांढऱ्या पेशी जंतू ओळखतात का, ते पाहतात. यासाठी पेशी जिवंत हव्यात. हे रक्त बर्फात ठेवायचे नाही आणि लवकरात लवकर प्रयोगशाळेत पोचवायचे. ही सोय सगळीकडे नाही, खर्चही जास्त. एलायझासाठीचे रक्त मात्र गोठू देऊन वरची निवळ थंड ठेवून पाठवतात. दोन्ही तपासण्या करायच्या असतील तर जोन्ससाठीचे रक्त आधी काढावे, टोचणी नंतर. टोचणीनंतर काही आठवडे रक्तातला निकाल फसवा येऊ शकतो.

तेव्हा चिठ्ठी हाती आली की तीन गोष्टी वाचा: रोगाचे नाव, तपासणीचा प्रकार, तारीख. जनावराच्या कानातला बिल्ला चिठ्ठीतल्या क्रमांकाशी जुळवा. शंका असेल तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. तिथून नमुने पुण्याला औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे पाठवता येतात.

आणि दोष निघालाच तर? महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश हत्याबंदी आहे, तेव्हा गाय सांभाळावी लागते. जोन्सवर बरे करणारा उपाय नाही. गाय वेगळी बांधा, दावण आणि पाण्याचे टाके वेगळे करा. तिचे शेण वासरांच्या वैरणीच्या रानात टाकू नका. वासरू जन्मताच बाजूला घेऊन निरोगी गाईचा चीक पाजा. क्षयाची शंका असेल तर त्या गाईचे दूध डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. एरवीही दूध उकळूनच प्यावे, धारोष्ण दुधाची हौस नको. अशी गाय बाजारात नेऊन दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका. आमच्या त्या शेतकऱ्याने नेली नाही. गोठ्याच्या टोकाला वेगळा आडोसा करून तिला बांधली आणि बाकीच्या तिन्ही गाईंचे रक्त-शेण तपासायला दिले.