साधा वर्तमानकाळ शिकविताना



महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीच्या वर्गात आली. हिंगोली जिल्ह्यातील खेड्यांत बहुतेक घरी ती कानी पडत नाही. म्हणून मूल इंग्रजी वाक्यही मायबोलीच्याच नियमाने रचते.

मराठीत क्रियापद लिंगाप्रमाणे बदलते : मुलगा जातो, मुलगी जाते. इंग्रजीत दोघांनाही ‘गोज’ हे एकच रूप पुरते. मात्र ‘आय गो’, ‘दे गो’ म्हणणाऱ्या मुलास ‘ही गोज’ म्हणावे लागते, आणि तेथेच ते अडखळते. शिवाय ‘उद्या वसमतला जातो’ असे आपण भविष्याविषयीही म्हणतो. इंग्रजीत हे रूप मुख्यतः नित्याच्या गोष्टींसाठी असते.

तेव्हा व्याख्येपूर्वी नित्याचे व्यवहार घ्यावेत. हळद तर मुलांच्या शिवारातच आहे. एकाने ‘आय ग्रो टर्मरिक’ म्हणावे, दुसऱ्याने त्याच्याकडे बोट करून ‘ही ग्रोज टर्मरिक’ म्हणावे. शेवटचा ध्वनी आधी कानावर ठसावा, मग पाटीवर उतरावा.

‘ही गो’ म्हणणाऱ्या मुलास दटावून गप्प बसवू नये. गप्प बसलेले मूल चुकत नाही, पण शिकतही नाही.